जांभळाचा शिरका आणि रक्तातली साखर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टरीण नाही. सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई आहे. हल्ली पारोळ्यात घरोघर मधुमेहाचे नाव ऐकू येते आणि त्याच्या मागोमाग शिरक्याची बाटलीही येते. तेव्हा शिरका कसा करावा, किती घ्यावा आणि त्याच्यावर भरवसा किती ठेवावा, एवढेच सांगते.

ज्येष्ठ-आषाढात जांभळे येतात. पिकलेली १ किलो जांभळे धुऊन, पुसून कुस्करावीत. चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत घालून वर २०० ग्रॅम गूळ आणि उकळून गार केलेले १ लिटर पाणी घालावे. पितळेचे, तांब्याचे वा अॅल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, आंबट त्याला खाते. बरणी पाऊणच भरावी आणि तोंडाला स्वच्छ फडके बांधावे. हवेवाचून शिरका होत नाही. रोज लाकडी पळीने ढवळावे.

दोन-तीन आठवड्यांत गोडाची दारू होते. मग गाळून तसेच ठेवावे. आणखी दीड-दोन महिन्यांत दारूचा शिरका होतो. वर पांढरट साय धरली तर भिऊ नये, पण केसाळ बुरशी आली तर सगळे टाकून द्यावे. गोडी आणि दारूचा वास जाऊन नाकाला झोंबू लागला, की शिरका झाला. अर्धवट झालेला पिऊ नये, त्यात साखरही असते आणि दारूही.

घ्यायचा तो जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यात चहाचे २ चमचे. नुसता घेतला तर दात झिजतात, घसा जळतो. मागून चूळ भरावी. ज्यांना आम्लपित्त, पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा ज्या इन्शुलिन अगर लघवीच्या गोळ्या घेतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आता त्याचा गुण. आंबटामुळे अन्न पोटातून सावकाश पुढे जाते, म्हणून जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते. गुण आहे, पण थोडा. आखाजीला खापरावरचे मांडे आणि वाटीभर आमरस खाऊन वर शिरका प्यायला, तर तो हिशेब जुळत नाही. त्यापेक्षा कळण्याची एक भाकरी, भरपूर भाजी आणि जेवणानंतर चार पावले चालणे, याचा उपयोग अधिक.

आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंनी शिरका सुरू केला आणि गोळ्या बंद केल्या. घरात कुणाला सांगितलेही नाही. पायाची जखम दोन महिने भरेना, तेव्हा रक्त तपासले आणि साखर फार वाढलेली निघाली. पाय वाचला, पण एक बोट गेले.

भगिनींनो, आपण सासऱ्यांची गोळी वेळेवर देतो, नवऱ्याचे पथ्य सांभाळतो आणि स्वतःची तपासणी पुढच्या महिन्यावर टाकतो. ही सवय मोडली पाहिजे. शिरका हवा तर जरूर करा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि चाळिशी उलटलेल्या प्रत्येकीने या महिन्यात दवाखान्यात जाऊन साखर मोजून घ्यावी. एकटीला संकोच वाटत असेल तर शेजारणीला बरोबर न्यावे.