वॅट नको, मागणी वाढवा

(रायपूरमधील गुढियारी येथे शाखा सभेत केलेले भाषण)



आपल्या काही तरुण ट्रॅकमेंटेनरांनी पदरच्या पैशाने छोटे मेश रेडिओ आणले आहेत. एका संचाचा निरोप दुसरा झेलतो आणि तिसऱ्याकडे धाडतो. मोबाइलला रेंज नसलेल्या सेक्शनमध्ये गँगला उपयोग व्हावा, हा त्यांचा हेतू. त्यांनी मला विचारले, "काका, पॉवर किती ठेवायची?" मी मॅट्रिक शिकलेला माणूस. म्हणून आधी नियम वाचले.

एके काळी घरच्या रेडिओचाही परवाना पोस्टातून काढावा लागे, हे आपल्या टपाल बांधवांना ठाऊक आहे. या संचांना परवाना लागत नाही, पण अटी आहेत. 2005 च्या नियमांनी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा केला. 2021 मध्ये तो 868 पर्यंत वाढला. संचाची शक्ती जास्तीत जास्त 1 वॅट, अँटेनाचा जोर धरून 4 वॅट, लहरीची रुंदी 200 किलोहर्ट्झ. पुष्कळ संच 250 वर लावलेले येतात. ते 125 वर आणा. पॉवरचा आकडा डीबीएममध्ये असतो. 30 म्हणजे 1 वॅट. 33 केले की 2 वॅट, म्हणजे नियमभंग.

अमेरिकेची सेटिंग ठेवू नका. तिचा पट्टा 902 पासून सुरू होतो. आपल्याकडे 890 ते 915 वर मोबाइल टॉवरशी बोलतात. तिथे आपण गोंगाट केला, तर कुणाचा 108 ला लावलेला फोन अडेल.

पल्ला हवा असेल तर अँटेना उंच लावा. मोकळ्या जागीही दुप्पट अंतराला चौपट शक्ती लागते.

आता मुख्य गोष्ट. हा संच म्हणजे गाडीचा इशारा नव्हे. निरोप उशिरा पोहोचतो, कधी पोहोचतही नाही. लाल झेंडी, डेटोनेटर आणि लुकआउटवाला यांची जागा तो घेऊ शकत नाही. गाडी जवळ येताच सावध करणारे 'रक्षक' उपकरण रेल्वेने काही ठिकाणी दिले आहे. ते प्रत्येक कीमनच्या आणि प्रत्येक गँगच्या हाती आले पाहिजे. जीव वाचवण्याचे साधन कामगाराने पगारातून का घ्यावे?

जादा वॅट सापडले, तर चर्चा आपल्या चुकीची होईल, मागणीची होणार नाही. प्रशासनाला ती सबब देऊ नका. संच नियमात ठेवा, आवाज युनियनमधून चढवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!