झाडं लावायची, पण कुणाच्या जमिनीत?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मघाशी चहाच्या वेळी एकीने मला विचारलं, "म्हणजे तू चळवळ सोडलीस तर!" हा प्रश्न मला गेली सात-आठ वर्षं ऐकू येतोय. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या वस्त्यांमध्ये मी अकरा वर्षं काम केलं. मारहाणीच्या केसेस, रेशन, पाणी, पोटगी. आता मी दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी राहते आणि सव्वीस गुंठ्यांत झाडं लावते. वरवर पाहिलं तर सोडलीच म्हणायची. पण या सव्वीस गुंठ्यांत मला बाईच्या हक्काचा प्रश्न जितका जवळून भेटला, तितका वस्तीतल्या कार्यालयात बसून कधी भेटला नव्हता. म्हणून त्याच बाजूने बोलते.

आधी 'पर्माकल्चर' या शब्दाबद्दल थोडंसं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघा ऑस्ट्रेलियन माणसांनी १९७८ साली याच विषयावर पुस्तक लिहून हा शब्द पुढे आणला. दरवर्षी नांगरट, दरवर्षी बी-बियाणं असं न करता, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडाझुडपांची अशी रचना करायची की एकाचा पाला दुसऱ्याचं खत होईल आणि सगळ्यांतून माणसाला खायला मिळेल. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हार्ट यांनी अशी बाग थरांमध्ये लावून दाखवली. उंच झाडं, मधली झाडं, झुडपं, पालेभाज्या, जमिनीवर पसरणाऱ्या वेली, जमिनीखालचे कंद आणि झाडावर चढणारे वेल, असे सात थर.

हे मी मुंबईत एका महागड्या कार्यशाळेत शिकले. फी माझ्या पगाराइतकी होती. शिकवणारे सगळे पुरुष होते. सात थरांचं चित्र फळ्यावर काढलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आजीचं परसू आलं. वर माड आणि फणस, खाली सुपारी आणि रातांबा, त्याखाली केळ, कढीपत्ता, मिरची, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, मातीत हळद, सुरण, करांदे आणि माडावर चढलेला मिरीचा वेल. गोव्यात याला कुळागर म्हणतात. आमच्या आजीने त्याला काहीच म्हटलं नाही, तिच्या लेखी ते घरकाम होतं. बाईने केलं की घरकाम आणि पुरुषाने फळ्यावर काढलं की शास्त्र, हे आपल्याला नवीन नाही.

माझे आजोबा आणि काका दोघेही गिरणगावात. कोकणातल्या हजारो घरांची हीच गोष्ट आहे: पुरुष मुंबईला, बायका भातशेतीला आणि महिन्याला मनीऑर्डर. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. गाव बायकांनीच धरून ठेवलं. १९८२ च्या संपानंतर काकांची गिरणी सुटली, ते गावी परतले आणि थोड्याच वर्षांत वारले. जमीन काकी कसत राहिली, तीस वर्षं.

माझे वडील २०१६ साली गेले. पुढच्या वर्षी भावाने एक कागद आईकडे आणून ठेवला. हक्कसोडपत्र. त्याच्या मनात पाप नव्हतं. "सगळ्या बहिणी करतात, एक सही कर, म्हणजे कागद सुटसुटीत होतील," इतकंच. वस्तीत मी किती बायकांना सांगितलं असेल, सही करू नका! १९९४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ मध्ये केंद्राने ती अटही काढली. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी तो कागद आठ महिने आईच्या कपाटात पडून राहिला. 'नाही' म्हणायला मला आठ महिने लागले. आई म्हणायची, "भावाला दुखवून माहेर राहतं का?" वस्तीतल्या बायकांना मी 'घाबरता कशाला' असं म्हणायचे, ते आठवून मला स्वतःची लाज वाटायची. त्या कशाला घाबरायच्या ते तेव्हा कळलं. भीती कोर्टाची नसते. भाऊबीजेच्या दिवशी फोन वाजणार नाही, याची असते. मी सही केली नाही आणि दोन वर्षं तो फोन वाजला नाही.

सातबारा काढला तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. आमच्या बाजूला वडिलांनंतर भावाचं नाव, दुसऱ्या बाजूला काकीच्या मुलांची नावं. काकीचं नाव कुठेच नाही. तलाठ्याकडे विचारलं तर कळलं, काका गेल्यावर वारस नोंद करताना मुलांचीच नावं दिली गेली. "आई आहेच की त्यांच्याबरोबर!" नवऱ्याच्या मालमत्तेत मुलांइतकाच वाटा विधवेला कायद्याने १९५६ पासून आहे. फेरफारात नाव नाही म्हणून तो हक्क बुडत नाही, पण नाव नसलं की बाईला तो आहे हेच कुणी सांगत नाही.

आता माझी पंचाईत बघा. मी शहरातून कायदा घेऊन आले आणि वडिलांच्या हिश्श्यातला माझा वाटा मागितला. पण त्या वाट्यातलं प्रत्येक झाड जगवलं होतं काकीने. माझी झाडं लावायला मी तिचीच वहिवाट मोडणार होते. हे तिला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "तुझी जमीन तू घे गो बाय. मला काय, मी कुणाच्याही जमिनीत राबले." त्या रात्री मला झोप आली नाही. शेवटी आम्ही दोघींनी मिळून अर्ज केले, माझा आणि तिचा. काकीच्या मुलांना वर्षभर राग होता. २०१९ मध्ये सगळ्यांच्या संमतीने, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटप झालं. माझे सव्वीस गुंठे, शेजारी काकीच्या नावचे एकोणीस. मधे बांध नाही घातला. कामही एकत्र आणि उत्पन्नही.

शहर मी एका दिवसात सोडलं नाही, ते परवडणारंही नव्हतं. २०१८ मध्ये महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने खेडला उतरायचं, तिथून एसटीने दापोली. त्या पावसाळ्यात मोठ्या उत्साहाने १४० रोपं लावली. पुढच्या वैशाखात मोजली तर ३१ जिवंत. भातकापणी झाली की आमच्याकडे गुरं मोकळी सुटतात, ती सगळं खाऊन गेली. उरलेली पाण्यावाचून गेली. काकी म्हणाली, "आधी गडगा घालायचा, मग झाड. मला विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं. पुस्तकात बघितलं होतं.

मग २०१९ पासून अर्ध्या पगारावर काम करून महिन्याचे दहा दिवस गावी राहू लागले. गडगा घातला, उतारावर आडवे चर खणले, म्हणजे पाऊस वाहून न जाता मुरेल. कडेने गिरिपुष्पाच्या काठ्या खोवल्या. त्या लवकर फुटतात आणि पाला कापून झाडांच्या बुंध्याशी पसरता येतो. जमीन उघडी ठेवायची नाही, हा पहिला धडा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मी मुंबईत, टाळेबंदीत रेशनवाटप करत होते. फोन बंद, वीज बंद. नऊ दिवसांनी गावी पोचले. सुपारी कापल्यासारखी आडवी झाली होती. आठ माड गेले. आजीचा फणस गोठ्यावर पडला होता. काकी पायरीवर बसून होती, रडली नाही, म्हणाली, "सुरण बघ जाऊन." सुरण, हळद, करांदे मातीत सुखरूप होते. केळी मोडल्या होत्या, पण बुंध्याशी कोंब होते. आमची लहान झाडं वाकून वाचली होती. आजूबाजूला ज्यांची नुसती सुपारीची वाडी होती, त्यांचं सहा-सात वर्षांचं उत्पन्न एका दुपारी गेलं, कारण नवी सुपारी धरायला तेवढी वर्षं लागतात. आम्ही त्या पावसाळ्यात पडलेल्या उजेडात पपई, शेवगा, तूर लावली आणि दुसऱ्या वर्षी घरापुरतं खाल्लं. थरांची शेती का करायची, ते मला कार्यशाळेत कळलं नव्हतं, तिथे कळलं.

आणि पंचनामा! नावं सातबारावर होती म्हणून काकीला आणि मला भरपाईचा अर्ज आपापल्या नावाने करता आला. वाडीतल्या आणखी चार विधवा स्वतःच्या हाताने वाढवलेल्या झाडांचे पैसे मुंबईतल्या दिरांच्या संमतीपत्रासाठी अडकले म्हणून खेपा घालत होत्या. त्यातल्या तिघींची वारस नोंद आम्ही त्यानंतर करून घेतली. चळवळ सोडलीस का, याचं माझं उत्तर हे आहे.

२०२२ मध्ये मी मुंबईची खोली सोडली. आता स्वच्छ हिशेब सांगते, कारण अशा गोष्टी ऐकून कुणी उद्या नोकरी सोडेल. या जमिनीवर माझं पोट भरत नाही. भाजी, कंद, फळं, हळद, कोकम घरचं होतं. आमसुलं, तळलेले गरे आणि हळद विकून वर्षाला दोघींचे मिळून चार-पाच महिन्यांचे पैसे निघतात. बाकी मी प्रशिक्षणं घेऊन मिळवते. वानरं येतात, रानडुक्कर सुरण उकरतो. उन्हाळ्यात रोज दोन तास शिंपण्यात जातात आणि पाठ धरते. गावातल्या मुली मला विचारतात, "ताई, आम्ही इथून सुटायला बघतोय आणि तुम्ही कशाला आलात?" त्यांचं बरोबर आहे. मला परत जाता येतं. माझ्याकडे पदवी आहे. निवड असलेल्या बाईने गावच्या कष्टांचं गोडवे गाऊ नयेत. आणि आमच्या वाडीत गड्याला पाचशे रुपये मजुरी असताना बाईला तीनशे देतात. आमच्याकडे दोघांना सारखी देतो, म्हणून शेजारी रागावतात. निसर्गाशी सलोखा आणि बाईची मजुरी कमी, असं जंगल मला नको.

शेवटी तुमच्या गटांसाठी तीन कामं सुचवते. एक, आपल्या गटातल्या प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा सातबारा बघावा, तो आता मोबाईलवरही दिसतो. देशात शेतजमिनीच्या खातेदारांमध्ये बायका २०१५-१६ च्या कृषी गणनेत सुमारे १४ टक्केच होत्या. आपल्या गटात किती, ते मोजा. दोन, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी गटाच्या बैठकीत तो कागद मोठ्याने वाचायचा. सही करायची की नाही ते बाईने ठरवावं, पण एकटीने नाही. तीन, जिच्याकडे जमीनच नाही तिच्यासाठी गटाने जमीन खंडाने घेऊन लावायची. झहीराबादकडच्या दलित बायकांच्या संघांनी आणि केरळात कुडुंबश्रीच्या गटांनी हे केलेलं आहे.

भावाचं विचाराल तर गेल्या गणपतीत तो आला. कागदाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. अळूवडी खाल्ली आणि जाताना करांदे घेऊन गेला. काकी म्हणाली, "पुढच्या वेळी त्याला खणायला लाव."

हिशेबाची वही मी बरोबर आणली आहे. जेवणानंतर ज्यांना बघायची असेल त्यांनी बसा.