मूळ संख्यांची पारख



पुण्याहून लोणावळ्यास जातांना थोडें अलीकडे मळवली हें लहानसें स्टेशन लागतें. तेथें उतरून उत्तरेस गेलें म्हणजे कार्ल्याचीं लेणीं आणि दक्षिणेस गेलें म्हणजे भाज्याचीं. मावळांतील हीं दोन्ही स्थळें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तेथील शिल्पाविषयीं बोलण्याचा माझा अधिकार नाहीं. मला आज केवळ खांब मोजावयाचे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहांत उजव्या हातास पंधरा, डाव्या हातास पंधरा आणि स्तूपामागें सात, असे सदतीस खांब आहेत. भाज्याच्या चैत्यगृहांत सत्तावीस आहेत.

आतां अशी कल्पना करा कीं, हे खांब सुटे करून सारख्या रांगांत उभे करावयाचे आहेत. भाज्याचे सत्तावीस खांब नऊ-नऊंच्या तीन रांगांत नीट बसतील. कार्ल्याचे सदतीस मात्र कोणत्याही रीतीनें बसावयाचे नाहींत. एक तर सर्वांची मिळून एकच रांग करावी, नाहीं तर कोठें तरी खांब उरेल. २७ ही संयुक्त संख्या आणि ३७ ही मूळ संख्या, असें आपण म्हणतों तें याच अर्थानें.

हें ठरवावें कसें? ३७ ला २, ३ आणि ५ यांनीं भागून पाहिलें. भाग गेला नाहीं. पुढें ७ नें भागण्याचें कारणच नाहीं. सातांचा वर्ग एकोणपन्नास. तेव्हां ३७ चा एक अवयव सात किंवा त्याहून मोठा असेल, तर त्याचा जोडीदार सातांहून लहान असलाच पाहिजे. आणि लहानांची झडती आपण आधींच घेतली आहे. म्हणून वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनीं भागून पाहणें पुरेसें होतें.

संख्या लहान आहे तोंवर ही रीत उत्तम. ती कोठें थकते हें पाहण्यासाठीं आपल्याच एका गणितप्रेमी शिक्षकाकडे वळूं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळाली येथील शाळेंत शिक्षक होते. मुंबईहून लोणावळ्याकडे येणारी गाडी बोरघाट चढण्यापूर्वीं डोंबिवलीवरून येते. त्या स्टेशनास पूर्वीं डेमलो म्हणत. तेथें सुचलेल्या संख्यांना कापरेकरांनीं ‘डेमलो संख्या’ हें नांव दिलें. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१; घाटासारखा हा चढ आणि उतार पाहून कोणासही कौतुक वाटेल.

या वर्गांच्या मुळाशीं असलेल्या, केवळ एकांनीं बनलेल्या संख्याच घ्या. दोन एकांची ११ ही मूळ आहे. तीन एकांची १११ म्हणजे तीन वेळां सदतीस. कार्ल्याचे खांब येथें पुन्हां भेटतात. चार एकांची संख्या म्हणजे ११ × १०१. सात एक लिहिले, तर भाग लावीत लावीत २३९ पर्यंत जावें लागतें. २३९ ही क्रमानें ५२ वी मूळ संख्या आहे. म्हणजे बावन्नाव्या प्रयत्नास २३९ × ४६४९ हें उत्तर हातीं येतें. ११ नंतरची एकांची मूळ संख्या थेट एकोणीस एकांची आहे. पण तिचें मूळपण केवळ भागाकारानें ठरवूं म्हटलें, तर पांच कोटींहून अधिक भागाकार करावे लागतील!

येथें दुसरी वाट हवी. ती फ्रेंच गणिती फर्मा यानें १६४० सालीं सांगितलेल्या एका नियमांतून निघते. दोहोंहून मोठी कोणतीही मूळ संख्या घ्या. दोन हा अंक तितक्या वेळां मांडून गुणाकार केला आणि त्यास त्याच संख्येनें भागिलें, तर बाकी दोनच उरते. सातांवर ताडून पहा: सात वेळां दोन म्हणजे १२८, आणि १२८ ला ७ नें भागल्यास बाकी २. हीच कसोटी ९१ ला लावा. गुणाकार करतांना दर पायरीस फक्त बाकी ठेवीत गेलें, म्हणजे अवाढव्य आंकडे हाताळावे लागत नाहींत. शेवटीं बाकी उरते ३७. दोन उरले नाहींत, म्हणून ९१ मूळ नव्हे. यांतील मर्म लक्षांत घ्या. तिचे अवयव ७ आणि १३ आपणांस कोठेंही दिसले नाहींत, तरी ती संयुक्त असल्याचें सिद्ध झालें!

मात्र ही कसोटी सर्वस्वीं विश्वासार्ह नाहीं. ३४१ ही संख्या ११ × ३१ असूनही या परीक्षेंत बाकी दोनच देते. अचूक, निःसंशय आणि अंक वाढले तरी आटोक्यांत राहणारी रीत मिळण्यास २००२ साल उजाडावें लागलें. ती दिली कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील मणींद्र अगरवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनीं. व्यवहारांत याहून जलद, पण किंचित् संशयास जागा ठेवणाऱ्या कसोट्याच बहुधा वापरतात. तथापि मूळ प्रश्न तेथें निकालांत निघाला.

पण अवयव शोधणें हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे. एका प्रसिद्ध २५० अंकी संख्येविषयीं, ती संयुक्त आहे हें संगणक क्षणार्धांत सांगतो. परंतु तिचे दोन अवयव २०२० सालीं सांपडले, तेव्हां संगणकाच्या एका गाभ्यानें सुमारें २,७०० वर्षें राबावें इतके श्रम खर्ची पडले होते. या दोन कामांतील अंतरावरच १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनीं गुप्तलेखनाची पद्धत उभारली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड जाहीर करावा आणि त्या दोन संख्या मात्र मनांत ठेवाव्या. तारेवरून जाणाऱ्या पुष्कळ खाजगी संदेशांची आणि पैशांच्या व्यवहारांची राखण अशा कुलपांनीं केली आहे. अवयव काढण्याची सोपी युक्ति उद्यां कोणास साधली, तर हीं कुलुपें उघडीं पडतील.

तेव्हां पुढल्या खेपेस मुलांना घेऊन कार्ल्यास गेलांत, तर त्यांजकडून खांब अवश्य मोजवून घ्या. आणि ते सारख्या रांगांत कां बसत नाहींत, हें त्यांचें त्यांनाच शोधूं द्या.