कार्ल्याच्या खांबांवरचे यवन

ग्रीक माणसांच्या खुणा शोधायला भिवंडीकरांनी अथेन्सच गाठायला हवं असं नाही. शेजारचं कल्याण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ‘कल्लिएना’ नावाने नोंदलेलं आहे. तिथे येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं ती सांगते. बंदराबंदरांतली चुरस अशी टोकाची होती!

पण खरी भेट होते कार्ल्याला. लोणावळ्याहून लोकलने मळवली गाठा आणि पुढे डोंगरावर चढा. तिथल्या चैत्यगृहाच्या अनेक खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोकही आहेत. एकाचं नाव ‘सिहधय’. नाव पुरतं इथलं, भाषा प्राकृत, दान बौद्ध संघाला! माझ्या मते अख्ख्या लेण्यात यापेक्षा मोलाचं काही नाही. मात्र अक्षरं सहज दिसत नाहीत. म्हणून ब्राह्मी वाचणारा जाणकार सोबत घ्या आणि बॅटरीचा उजेड खांबावर तिरका पाडा.

नाशिकच्या पांडवलेण्यांतलं सतरावं लेणंही इंद्राग्निदत्त या यवनाने कोरवलं. पावसाळ्यानंतर तिकडेही जरूर जा.