चोवीस दिवसांची चिठ्ठी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि एकच अट घातली आहे, आपल्या कामाबद्दल बोलायचं नाही. म्हणून मी सुट्टीबद्दल बोलायचं ठरवलं. तेही आपल्या नव्हे, सोव्हिएत संघातल्या माणसांच्या सुट्टीबद्दल.

आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा भिंतीवरच्या नकाशात तो देश सगळ्यात मोठा होता. दहावीला पोचेपर्यंत त्याचे पंधरा देश झाले. तिथून येणारी स्वस्त आणि सुंदर चित्रांची मराठी पुस्तकं आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी होती. त्यातला बर्फ आणि अस्वलं लक्षात राहिली. पण तिथली कारखान्यात खपणारी माणसं सुट्टीत कुठे जायची, हे मला अलीकडे वाचताना कळलं. आणि तेव्हापासून आपल्या रजेकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

गोष्ट सुरू होते १९२० साली. यादवी युद्ध चालू होतं, देशात उपासमार होती. काळ्या समुद्रावरचा क्रिमिया बोल्शेविकांच्या हाती येऊन जेमतेम महिना झाला होता. अशा वेळी, २१ डिसेंबरला, लेनिननं एका फर्मानावर सही केली. क्रिमियातले राजवाडे आणि धनिकांचे बंगले यापुढे कष्टकऱ्यांच्या औषधोपचारासाठी वापरायचे. याल्टाजवळ लिवादिया इथं झार दुसरा निकोलस याचा १९११मध्ये बांधलेला पांढराशुभ्र राजवाडा होता. १९२५ साली तिथं शेतकऱ्यांसाठी सॅनेटोरियम उघडलं. हाच तो राजवाडा, जिथं १९४५मध्ये रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांची याल्टा परिषद भरली. इतिहासाच्या पेपरात तिच्यावर टीप लिहिताना त्या इमारतीत आधी शेतकरी राहून गेलेत, याची आपल्याला कल्पना नव्हती.

आपल्याकडे सॅनेटोरियम म्हटलं की क्षयाचा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. तिकडे या शब्दाचा अर्थ फार पसरट होता. १९२२च्या कामगार कायद्यानं वर्षाला किमान दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. १९३६च्या राज्यघटनेत ११८वं कलम कामाच्या हक्काचं होतं आणि त्याला लागूनच ११९वं, विश्रांतीच्या हक्काचं. हक्क अमलात कसा येणार, हेही त्याच कलमात लिहिलं होतं: कामाचे मर्यादित तास, भरपगारी रजा आणि सॅनेटोरियमं, विश्रांतिगृहं व क्लब यांचं जाळं. श्रीमंतांची चैन समजली जाणारी गोष्ट एका देशानं मजुराचा हक्क म्हणून घटनेत लिहून ठेवली. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

प्रत्यक्षात सुट्टी मिळायची ती एका चिठ्ठीवर. तिला पुत्योव्का म्हणत. ती बहुधा कामगार संघटनेमार्फत मिळे. बहुतेकांना खर्चाचा थोडा भाग भरावा लागे, काहींना तर काहीच नाही. सॅनेटोरियमचा मुक्काम साधारण चोवीस दिवसांचा. गेल्या गेल्या डॉक्टर तपासणार आणि वेळापत्रक हातात देणार. सकाळी कवायत, मग स्नानाचे उपचार. सोचीजवळच्या मात्सेस्ताला गंधकाच्या पाण्याची स्नानं, जॉर्जियातल्या त्सखाल्तुबोला कोमट रेडॉनयुक्त पाण्याची. उन्हात किती मिनिटं पडायचं ते डॉक्टर सांगणार. टेकडीवर फिरायच्या वाटासुद्धा मोजलेल्या. जेवणाच्या पथ्यांना नंबर होते. पेव्ह्झनर नावाच्या डॉक्टरांनी एक ते पंधरा अशी पथ्यं आखली होती आणि तुमचा आजार कोणता त्यावर तुमच्या टेबलाचा नंबर ठरे. दुपारी सक्तीची झोप. तिला म्हणायचे ‘मेलेला तास’. आपल्या वामकुक्षीला एवढं भीषण नाव कुणी दिलं नसतं!

हे वाचताना मला आमच्या क्षेत्रातला एक शब्द आठवला. अट मोडते आहे, पण एकच वाक्य. यंत्र नीट चालावं म्हणून ते ठरलेल्या वेळी बंद ठेवून त्याची निगा राखतात, त्याला आम्ही मेंटेनन्स म्हणतो. सोव्हिएत सुट्टी ही माणसाचा मेंटेनन्स होती. वर्षभर काम करून झिजलेलं शरीर चोवीस दिवसांत दुरुस्त करायचं आणि पुन्हा कामावर रुजू करायचं.

त्यातूनच एक चमत्कारिक गोष्ट झाली. चिठ्ठी कुटुंबाला नव्हे, कामगाराला मिळे. नवरा एका कारखान्यात, बायको दुसऱ्या. त्याची चिठ्ठी मे महिन्यातली आणि क्रिमियाची, तिची ऑक्टोबरातली आणि काकेशसची. मुलांना तर मोठ्यांच्या सॅनेटोरियममध्ये बहुधा प्रवेशच नसे. त्यांच्यासाठी वेगळी शिबिरं. क्रिमियातलं आर्तेक हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. १९२५मध्ये ते तंबूंत, ऐंशी मुलांवर सुरू झालं आणि पुढे जगभरातली मुलं तिथं गेली. म्हणजे घरातल्या सगळ्यांना सुट्टी मिळायची, पण एकत्र नाही.

आणि सगळ्यांना मिळायची, असं तरी कसं म्हणू? जागा कमी आणि मागणारे फार. त्यामुळे चिठ्ठी वशिल्यानं फिरे. नाव कामगाराचं, पण खुर्चीवाल्यांचा नंबर आधी लागे. सामूहिक शेतीवरचा शेतकरी तर कामगार कायद्याच्या बाहेरच होता, त्यामुळे ती भरपगारी रजा त्याला लागूच नव्हती. देशातल्या देशात फिरायला लागणारा पासपोर्टसुद्धा बहुसंख्य शेतकऱ्यांना १९७४च्या निर्णयापर्यंत मिळत नव्हता. झारच्या राजवाड्यात शेतकरी राहिले हे खरं. आणि कोट्यवधी शेतकऱ्यांना गाव सोडायची मोकळीक नव्हती, हेही तितकंच खरं.

सोचीतल्या सैनिकांच्या सॅनेटोरियमचा वास्तुविशारद मिरोन मेर्झानोव्ह. डोंगरावरची देखणी इमारत आणि तिथून समुद्रापर्यंत उतरणारी दोरावरची गाडी, असं ते १९३४चं बांधकाम आजही लोक बघायला जातात. स्टालिनचे बंगलेही त्यानंच बांधले. १९४३ साली त्याला अटक झाली आणि छावणीत धाडलं. पुढे कैदी असतानाच त्याच्याकडून सोचीतल्या आणखी एका सॅनेटोरियमचा आराखडा करून घेतला. ते होतं सुरक्षा खात्याच्या लोकांसाठी. दुसऱ्यांच्या विश्रांतीचे नकाशे काढणारा माणूस स्वतः तुरुंगात!

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती वेगळीच माणसं. त्यांना ‘दिकारी’ म्हणत, म्हणजे रानटी. चिठ्ठीची वाट न बघता हे लोक आपलं आपण निघायचे. सामान उचलायचं, गाडी पकडायची, किनाऱ्यावरच्या गावात कुणाच्या तरी घरात नाहीतर पडवीत एक खाट भाड्यानं घ्यायची. जेवणासाठी रांगेत उभं राहायचं, समुद्रावर पाय ठेवायला जागा शोधायची. डॉक्टर नाही, पथ्य नाही, मेलेला तास नाही. गैरसोय भरपूर. पण नवरा-बायको आणि मुलं एका ठिकाणी! साठ-सत्तरच्या दशकांत अशांची संख्या वाढतच गेली. सर्गेई मिखाल्कोव्ह यांनी यांच्यावरच ‘दिकारी’ नावाचं नाटक लिहिलं आणि १९६३ साली त्यावर ‘थ्री प्लस टू’ हा गाजलेला चित्रपट निघाला. गंमत म्हणजे हे मिखाल्कोव्ह देशाच्या राष्ट्रगीताच्या कवींपैकी एक.

सरकारनं हक्क दिला. त्याचं काय करायचं ते मात्र लोकांनी स्वतः ठरवलं.

पुढे तो देशच राहिला नाही. १९९२-९३मध्ये अबखाझियात युद्ध झालं. सुखुमी, गाग्रा ही सुट्टीची गावं रणभूमी झाली. तिथून हाकललेली हजारो जॉर्जियन कुटुंबं त्सखाल्तुबोच्या रिकाम्या सॅनेटोरियममध्ये आसऱ्याला आली आणि कित्येक कुटुंबांची वर्षानुवर्षं तिथंच गेली. चोवीस दिवसांसाठी बांधलेल्या खोल्यांत मुलं जन्मली, मोठी झाली, त्यांची लग्नंही झाली.

आता आपल्याकडे येते. नागरिकशास्त्राच्या तासाला आपण मार्गदर्शक तत्त्वं पाठ केली होती. त्यातलं ४३वं कलम पुन्हा वाचा. शेतीतल्या, उद्योगातल्या आणि इतर सर्व कामगारांना निर्वाह वेतन मिळावं, आणि फुरसतीचा पुरेपूर लाभ घेता येईल अशी कामाची परिस्थिती असावी, असं राज्याला सांगितलं आहे. कोर्टात मागता येईल असा हा हक्क नाही, पण शेतमजुराचा उल्लेख आपल्या घटनाकारांनी विसरता केलेला नाही.

आपण आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. काल रात्री गप्पांत रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं क्रिकेटपटूंच्या नावांपेक्षा जास्त ऐकली. आपली रजा कायद्यानं आपली आहे, वशिला लागत नाही. तरी आपण ती साठवतो, आणि घेतलीच तर फोनसकट घेतो. आपणही सुट्टीचा मेंटेनन्सच केला आहे, तोही कुणी सांगितलेलं नसताना. तेव्हा वर्षातून एकदा तरी दिकारी व्हा. खाट साधी चालेल, घरची माणसं सोबत असू देत.

आणि दुसरी एक विनंती. चिठ्ठीच्या यादीत नाव नसलेली माणसं आपल्याही घरी आहेत. स्वयंपाकाच्या मावशी, गाडी चालवणारे काका. त्या चार दिवस गावी गेल्या की आपण पगार कापतो का, हा प्रश्न इथून घरी गेल्यावर प्रत्येकानं स्वतःला विचारावा. वर्षाला चौदा दिवसांची भरपगारी रजा, उपासमारीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या देशानं १९२२ साली कायद्यात लिहिली होती. आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. उद्या सकाळी दार उघडल्यावर सांगता येईल.

वेळ संपली. पुढच्या वक्त्याची वेळ खाणं हाही त्याच्या हक्कावर घालाच होईल, म्हणून थांबते.