बाहुली भीतिदायक कशी होते?



मी कविता लिहिणारा माणूस. चित्रकलेत माझी शिदोरी म्हणजे शाळेत दिलेली एलिमेंटरीची परीक्षा, बस्स. तरीही आज मी तुम्हांला एक चित्र काढायला सांगणार आहे, आणि तेही भीतिदायक बाहुलीच्या चेहऱ्याचं. याला कारण आहे माझी सात वर्षांची नात.

माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी तिनं नातीसाठी एक चिंध्यांची बाहुली शिवली होती. जुन्या ओढणीचं अंग, काळ्या दोऱ्याचे डोळे, लाल दोऱ्याचं तोंड. नात तिला कुशीत घेऊन झोपायची. यंदा सुट्टीत आली ती मात्र बाहुलीकडे बघेचना. ‘नाना, ती रात्री माझ्याकडे बघते,’ म्हणाली. चौकशी केली तेव्हा कळलं, कुणाच्या तरी मोबाइलवर तिनं ‘अॅनाबेल’ सिनेमातली बाहुली पाहिली होती. बाहुली ट्रंकेत गेली. मला ते फार लागलं. पण भीतीला रागावून उपयोग नसतो. मी म्हटलं, ‘चल, आपण भुताची बाहुली काढू. ती कशी बनते ते तरी बघू.’

तिनं पहिलं चित्र काढलं त्यात रक्त होतं, सुळे होते, शिंगंही होती. चित्र बघून आम्ही दोघंही हसलो. नवशिक्याची चूक हीच. भीती जास्तीच्या गोष्टींनी येत नाही. आधी गोड बाहुली काढावी लागते, मग तिच्यात थोडंसंच बिघडवावं लागतं.

पेन्सिल हलकी धरा. वर रुंद, हनुवटीकडे निमुळता असा अंड्याचा आकार काढा. मधून एक उभी आणि एक आडवी रेघ ओढा. मोठ्या माणसाचे डोळे साधारण या आडव्या रेघेवर असतात, लहान मुलाचे तिच्या थोडे खाली. बाहुलीचेही खालीच घ्या, म्हणजे कपाळ मोठं दिसतं. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याहून जरा जास्त जागा सोडा. नाकाला दोन ठिपके पुरे. तोंड लहान ठेवा. भुवई काढताना मला अब्बांनी गिरवून घेतलेलं उर्दूतलं ‘नून’ आठवलं. वळण तेच, फक्त पालथं. आमच्या घरी भिंतीवर माणसांची चित्रं नसत, अक्षरं असत. माझा हात बसला तो त्या अक्षरांवर.

झाली गोड बाहुली. आता बिघडवू या.

एरवी वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकते. ती वर न्या आणि बुबुळ लहान, पूर्ण गोल काढा, चारी बाजूंनी पांढरं दिसेल असं. बाहुली टक लावून बघू लागते. मग बुबुळात उजेडाचा जो पांढरा ठिपका सोडतो, तो काळा करा. डोळ्यातला जीव गेला. एक बुबुळ केसभर बाजूला सरकवा. ओठांचे कोपरे वर न्या, पण गाल आणि खालच्या पापण्या हलवू नका. आपण मनापासून हसतो तेव्हा डोळेही हसतात. इथं तोंडच हसतं. शेवटी सावली भुवयांच्या वर द्या, हनुवटीखाली नको, म्हणजे उजेड खालून आल्यासारखा वाटतो. लहानपणी हनुवटीखाली बॅटरी धरून आपण भावंडांना घाबरवायचो, तीच ही युक्ती.

असं का होतं? मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी १९७० साली एक विचार मांडला. यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की तो आवडू लागतो. पण जवळजवळ माणूस वाटला आणि काहीतरी चुकलं, की एकदम अंगावर काटा येतो. ते ‘काहीतरी’ म्हणजेच आपला काळा केलेला ठिपका.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. यशवंत पाध्ये आणि रामदास पाध्ये या पितापुत्रांच्या अर्धवटरावांनी महाराष्ट्राला हसवलं. १९९३ साली ‘झपाटलेला’ सिनेमा आला आणि रामदास पाध्यांनीच घडवलेल्या तात्या विंचूनं मुलांची झोप उडवली. कारागीर तोच. हसवायचं की घाबरवायचं, हे हातानं ठरवलं.

आणि अॅनाबेल? ज्या बाहुलीवरून तिची गोष्ट निघाली, ती खरी बाहुली चिंध्यांचीच आहे. जॉनी ग्रुएल या अमेरिकन चित्रकारानं १९१५ साली पेटंट घेतलेल्या ‘रॅगेडी अॅन’च्या जातीची. लोकरीचे लाल केस, त्रिकोणी नाक, हसरं तोंड. सिनेमावाल्यांनी २०१३ साली ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये तिचा चेहरा बदलून गुळगुळीत, मळका आणि मोठ्या डोळ्यांचा केला. मूळ चेहऱ्याला कोण घाबरलं असतं?

मी हे सांगितलं तेव्हा नात गप्प बसली. मग तिनं पांढऱ्या पोस्टर कलरचा एकेक ठिपका आपल्या भुताच्या डोळ्यांत दिला. म्हणाली, ‘नाना, आता ही फक्त दचकलीय.’ खरंच, चेहरा तोच होता, पण आता घाबरलेली ती बाहुली होती.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘नानीच्या बाहुलीच्या डोळ्यांत ठिपका आहे?’

ट्रंक उघडली. ठिपका नव्हता. नुसता काळा दोरा. तिला पांढऱ्या दोऱ्याचा टाका घालायचा होता. खरं सांगतो, माझा जीव होईना. त्या बाहुलीतला प्रत्येक टाका माझ्या पत्नीच्या हातचा. त्यात दुसऱ्याची सुई कशी घालू द्यायची? मी ‘नको’ म्हणणार होतो. पण मग वाटलं, ट्रंकेत जपलेली बाहुली कुणाची? माझीच की. आणि तिनं तर ती नातीसाठी शिवली होती.

मी सुईत दोरा ओवून दिला. टाके वाकडे पडले. एक डोळा जरा जास्तच चमकतो. त्या रात्री बाहुली पुन्हा नातीच्या कुशीत होती.

तुमच्याही घरात एखादं मूल कुठल्या चेहऱ्याला घाबरत असेल, तर त्याच्या हाती पेन्सिल द्या. तो चेहरा कुणीतरी रेघ रेघ करून भीतिदायक केलेला असतो. मुलाला ती रेघ एकदा सापडली, की बदलताही येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)