कुत्र्यांनी शिकवलेला उपचार
(रौप्यमहोत्सवी आरोग्य सप्ताहातील भाषण)



मी काही डॉक्टर नाही. पण चार वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाला मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, दिल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा तुम्ही आळीपाळीने डबे पोहोचवलेत आणि "हे होतं तरी कसं?" असंही विचारलंत. म्हणून थोडं वाचून आले आहे.

हाडांच्या आतल्या मज्जेत मूलपेशी असतात. त्यांच्यापासून सगळं रक्त तयार होतं. जास्त किरणोत्साराने ही मज्जा मरते. १९५१ साली अमेरिकेत अशा मरणाच्या दारातल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, आणि ते जगले. माणसात मात्र हे साधेना. डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातलं कुणीच वाचलं नाही. अनेकांनी हा नाद सोडला. थॉमस यांनी कुत्र्यांवरचं काम चालू ठेवलं.

कुत्रीच का? प्रयोगशाळेतले एका जातीचे उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे असतात. कुत्री माणसांसारखी वेगवेगळी, आणि एका विणीत भावंडं बरीच. त्यांच्यावरून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पेशींची ठेवण जुळणाऱ्या भावंडाची मज्जा चांगली रुजते. आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात, तो हल्ला मेथोट्रेक्सेट या औषधाने कमी होतो. हे शिकताना बरीच कुत्री दगावली, तेही सांगायला हवं. पुढे सिएटलमध्ये हेच ज्ञान माणसांसाठी वापरलं गेलं. १९८३ साली आपल्या मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये मज्जा प्रत्यारोपण झालं. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आमचं नशीब, मी जुळले. ज्यांचं कुणी जुळत नाही, ते अनोळखी दात्याची वाट पाहतात.

गेटवरच्या कुत्र्यांवरून आपल्या सभेत होणारा वाद मला माहीत आहे. त्यात मी कुणाची बाजू घेत नाही. पण त्यांच्या जातभाईंचं देणं माझ्या घरावर आहे, एवढं मी विसरत नाही.

आता आपल्या तरुण मुलांसाठी. दाता म्हणून नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, बस्स. पुढे कधी जुळलंच, तर चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग दंडाच्या शिरेतून रक्त घेऊन मशीन पेशी वेगळ्या करतं आणि उरलेलं रक्त परत देतं. माझं हाड कुणी कापलं नाही! अंग दुखलं, आठवड्यात मी पुन्हा कामाला लागले.

नोंदणीचे फॉर्म सोसायटीच्या ऑफिसात ठेवले आहेत. घरी बोला, शंका विचारा. मी बी विंगमध्येच आहे.